दोन प्रकल्पांची गाठ

मित्रांनो, म्हैसूरला हेब्बाळच्या एका कंपनीत खिडकीखाली धूळ खात पडलेला जुना संगणक, तो मी. इंजिनिअरांनी लिहिलेले तुकडे जोडून त्यांचा चालता प्रोग्राम बनवणे हे माझे काम. नवा होतो तेव्हा सगळ्यांनी मला डोक्यावर घेतले होते.

एका इस्पितळासाठी आमच्याकडे दोन प्रकल्प होते, एक रुग्णांचा, एक औषधांचा. घाईघाईत लोकांनी ते असे गुंतवले, की रुग्णांचा बनवायला औषधांचा आधी तयार हवा आणि औषधांचा बनवायला रुग्णांचा. माझ्याकडे रुग्णांच्या प्रकल्पाची एक जुनी तयार प्रत होती. तिच्या आधाराने मी औषधांचा बनवी, मग त्याच्या आधाराने रुग्णांचा नवा. वर्षानुवर्षे असा गाडा ओढला.

सुप्रीताला हे खुपत होते. ती हुशार इंजिनिअर, लवकरच प्रमुख होणार होती. दोघांना लागणारा भाग काढून तिसरा प्रकल्प करू, म्हणजे गाठ सुटेल, असे ती आमच्या साहेबांना, बिंदुमाधवांना, पुन्हा पुन्हा सांगे.

"सुम्ने, उगाच कशाला हात लावतेस अम्मा? चालतंय तर चालू दे," ते म्हणत.

दसऱ्यात आयुधपूजा आली. आदल्या दिवशी यंत्रे लख्ख करायची आमच्याकडची रीत. बिंदुमाधवांनी बाहेरून कापड फिरवले आणि माझ्या आतल्या जुन्या फायलींचा कचराही स्वतःच्या हाताने पुसून टाकला. त्यातच ती प्रत गेली. मग मला कुंकू लावले, झेंडूचा हार घातला. पूजेला यंत्राला विश्रांती, त्यामुळे कुणाला काही कळले नाही.

सुट्टी संपताच इस्पितळाचा निरोप आला. औषधांच्या मात्रा चुकीच्या छापल्या जात होत्या. सुप्रीताने चूक लगेच दुरुस्त केली, पण मी प्रोग्राम बनवू शकलो नाही. दोन्ही प्रकल्प एकमेकांकडे बोट दाखवत बसले. बिचाऱ्या नर्सना सगळ्या मात्रा हाताने लिहाव्या लागल्या. इस्पितळ संतापले. प्रत जपणे सुप्रीताचे काम होते, असे बिंदुमाधवांनी बैठकीत सरळ सांगून टाकले.

"सर, प्रत जपायची वेळच येऊ नये, म्हणून तर मी मागं लागले होते," ती म्हणाली.

तिचे हाताशी आलेले प्रमुखपद गेले. तिने राजीनामा दिला आणि जाण्याआधी तिसरा प्रकल्प करून गाठ सोडवली. शाबासकी बिंदुमाधवांना मिळाली. मला त्याची अजून चीड येते.

मित्रांनो, यंत्रे जरूर पुसा. पण त्यांचे दुखणे ओळखणारे माणूस त्याआधी सांभाळा. परवाच कुणीतरी घाईत तो तिसरा प्रकल्प रुग्णांच्या प्रकल्पावर टेकवला आणि गाठ पुन्हा बसली. आता माझे काम करणारा शेजारचा नवा संगणक अडला. मग त्याच्यातही एक जुनी प्रत ठेवून दिली, आणि सगळे जेवायला गेले.