स्वस्तातल्या बेस गिटारची तक्रार

मित्रांनो, मी एक जुनी, स्वस्तातली बेस गिटार आहे, आणि खरं सांगायचं तर पार वैतागलेली आहे. चार जाड तारा, हलकं लाकूड, वर काळा रंग. कारखान्यात माझ्यासारख्या ढिगानं बनतात. आमचा आवाज खोल असतो. लग्नाच्या वरातीत तो कुणाला वेगळा ऐकू येत नाही, पण थांबला की सगळं गाणं पोकळ वाटतं.

उस्मानपुऱ्यातल्या दुकानातून मला बन्सीनं आणलं. बन्सी मूळचा बिडकीनजवळचा, शेतकऱ्याचा मुलगा. तो दिवसा कंपनीत काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी अनंतरावांच्या ऑर्केस्ट्रात मला वाजवायचा. पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं. मला पुसल्याशिवाय तो पिशवीत ठेवत नसे.

दसरा झाला आणि माझा आवाज बिघडला. बटण फिरवलं की खर्रर्र! ऐन मंगलाष्टकांनंतर खर्रर्र! अनंतराव चिडले.

"बन्सी, हे डबडं बदल. पुढच्या वेळी असं झालं तर बेस मी कीबोर्डवरच वाजवून घेईन. मग तू घरी बस."

झालं, माझ्यामागं शुक्लकाष्ठ लागलं. बन्सीनं नव्या तारा बसवल्या. खरखर कायम. खुंट्या बदलल्या, वायर बदलली, तरी तेच. मग तारांचा आवाज पकडणारा पिकअप नवा आणला आणि डाग देऊन जुन्या बटणांनाच जोडला. अरे बाबा, दुखणं बटणांत आहे! पण मला विचारतो कोण? बटणं वरून चकचकीत, म्हणून त्यांच्यावर कुणाचा संशयच जाईना. "स्वस्तातली ती स्वस्तातलीच," असं म्हणून त्यानं मला खाटेवर आपटलं. त्या शब्दांचा मला फार राग आला.

खुलताबादच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं कंटाळून माझी मागची झाकणपट्टी उघडली. आत बटणांच्या मुळाशी लाल-पिवळा तेलकट चिखल साचलेला.

"आई, ह्ये काय गं?"

त्याची आई, सरूबाई, स्वयंपाकघरातून आली. "आरं, खंडेनवमीला पूजा करते नव्हं मी हिची! हळदीकुंकू लावते, फुलानं पाणी शिंपडते. आन् कडबाकुट्टीच्या मशीनला कसं तेल घालतो आपण? तसं हिच्या बटणांतबी दोन-दोन थेंब सोडते. कुरकुरू नये म्हणून."

"आगं, ही काय कडबाकुट्टी हाय का? माझं काम चाललंय हातचं!" बन्सी लईच जोरात ओरडला.

सरूबाईचा चेहरा उतरला. "तुला चार लोकांत मान देती ती. तिला तशीच कोरडी ठेवू व्हय?" ती हळूच म्हणाली.

एवढ्या मायेनं कुणी माझं नुकसान करत असेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. बन्सीनं आतला चिखल पुसला आणि चारही बटणं नवी बसवली. मग त्यानं तार छेडली. आवाज स्वच्छ, खोल आला. सरूबाई दारातच उभी राहून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी खुलताबादला मी जीव तोडून वाजले. एकदाही खरखरले नाही. गाणं संपल्यावर अनंतराव स्वतः उठून आले आणि बन्सीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास! तुझी जागा पक्की. शेवटी नवी गिटार घेतलीस म्हणायची!"

बन्सीनं माझ्याकडं पाहिलं. माझा काळा रंग कोपऱ्यांवर उडालेला होता, तो त्यानं हातानं झाकला.

"व्हय," तो म्हणाला, "नवीच हाय."

मित्रांनो, वस्तू बिघडली तर तिला नावं ठेवण्याआधी एकदा उघडून पाहा. पूजा करा, पण तिच्यात काय चालतं आणि काय नाही, तेही विचारून घ्या. आणि ती सुधारून तुमच्या उपयोगी पडली, तर चार लोकांत तिला आपली जुनीच म्हणायला लाजू नका. एवढंच मागणं आहे माझं, फार नाही.