मेनूत पिठलं कोणी घातलं

आमच्या डब्यांचा मेनू मी ठरवते. तीस वर्षं मीच ठरवत आलेय. इथे मानपाड्याला कंपन्या आहेत, नोकरीसाठी लांबून आलेली पोरंपोरी खोल्या घेऊन राहतात, ती आमचे डबे खातात. मी लांज्याची. त्यामुळे डब्यात काळ्या वाटाण्याची उसळ, वालाचं बिरडं, आणि ओल्या नारळाला हात आखडता नाही. ज्याला आवडत नसेल त्याने दुसरा डबा बघावा. अजून कोणी बघितला नाही.

माझ्या संदेशची बायको रुचिता, ती कराडची. पोरगी हुशार आहे, हे मी तिच्या तोंडावर म्हणणार नाही. तिने डब्यांची वेबसाइट काढली. गिऱ्हाईक आपल्या नावाने आत शिरतं, मेनू बघतं, उद्या डबा हवा की नको ते कळवतं. मेनूचं काम एक प्लगइन करतं. प्लगइन म्हणजे बाहेरून तयार आणून वेबसाइटला जोडायचं, मिक्सरला भांडं लावतो तसं. रविवारी मी सांगायची, ती आठवड्याचा मेनू भरायची. मध्येच मला काही बदलावंसं वाटलं तर असू दे, म्हणून त्या पानाची लिंक तिने घरच्या ग्रुपवर टाकून ठेवलेली. मी ती कधी उघडलीच नाही. माझा मेनू मी कशाला बदलू?

आणि एका मंगळवारी सकाळी बघते तर बिरड्याच्या जागी पिठलं.

गिऱ्हाइकांनी रात्रीच वाचलेलं, आता फिरवणार कसं? वाल सोलायचे राहिले, केलं पिठलं. घरात आम्हीही डब्यातलंच जेवतो. यांना, म्हणजे माझ्या मिस्टरांना, विठ्ठल त्यांचं नाव, पिठलं लग्नापासून आवडत नाही, पण यांना कोण विचारतं? गुरुवारी उसळ गेली, डाळखिचडी आली. पुढच्या आठवड्यात पुन्हा पिठलं. फणसाची भाजी गेली, सोलकढी गेली. माझं कोकण एकेक करून डब्यातून उठलं आणि तिथे कराड येऊन बसलं.

रुचिताला विचारलं का नाही म्हणाल. मी का विचारू, मी काय तिची सून आहे? त्यात एक दिवस ती मला म्हणते, "आई, हल्ली साधं साधं करताय ते बरं करताय हां. असंच करत जा." कानामागून आली आणि तिखट झाली.

माझ्याच चुलीवर मी दुसऱ्याच्या हुकमाने रांधायचं. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी. खोटं कशाला बोलू, रडू आलं मला. यांना सांगून टाकलं, "अहो, एक तारखेपासून मी डबे सोडते. लांज्याला भावाकडे जाऊन राहते. ज्याचा मेनू त्याने रांधावं."

हे कंपनीतून रिटायर झाल्यापासून डबे भरतात आणि पोचवतात. बोलायला पैसे पडतात यांना. "बघू," म्हणाले, आणि ताटातलं पिठलं भाताबरोबर गपचूप गिळून डबे घेऊन गेले.

माळ्यावरून बॅग काढली त्याच दुपारी रुचिता लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली. चेहरा उतरलेला.

"आई, एक गडबड झालीय. त्या प्लगइनवाल्यांनीच कळवलंय. मेनू बदलायच्या पानावर ते फक्त एवढंच बघायचं, की माणूस लॉगिन करून आलाय ना. त्याला बदलायचा हक्क आहे का, हे तपासतच नव्हतं. लिंक हाती लागली असती तर कुठल्याही गिऱ्हाइकाने आपला मेनू बदलला असता. आत्ता अपडेट टाकून बंद केलं मी."

"म्हणजे वॉचमनने नाव विचारलं आणि सरळ माझ्या चुलीपर्यंत सोडलं?"

"तसंच. पण नशीब, आपल्याकडे कोणी शिरलेलं दिसत नाही. बदल काय ते तुम्हीच केलेत."

"मी? मी एक अक्षर बदललेलं नाही. पिठलं तू घालतेस."

"मी कशाला घालू? मला वाटलं दमता, म्हणून तुम्हीच साधं करताय. बरं वाटलेलं मला."

इतके दिवस मी हिच्या नावाने बोटं मोडत होते आणि ही माझं कौतुक करत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण मग पिठलं घातलं कोणी?

तेवढ्यात हे मोबाइल नाकाशी धरून आत आले. "रुचिता, माझं ते पान आज उघडत नाही गं. परवानगी नाही म्हणतंय."

"कुठलं पान, बाबा?"

"ते... मेनूचं."

रुचिता खाली बसून हसायला लागली. वेबसाइट चालते का बघायला पहिलं गिऱ्हाईक म्हणून तिने बाबांचंच नाव घातलेलं. यांनी ग्रुपवरच्या लिंकवर बोट ठेवलं, दार उघडं होतं, गेले आत.

मला हसू येईना. "अहो, आमटीत मीठ नसलं तरी कधी बोलला नाहीत, आणि चोरून मेनू बदलता? आणि घातलंत काय, तर पिठलं. जे तुमच्या स्वतःच्या घशाखाली उतरत नाही."

हे लादीकडे बघत म्हणाले, "पिठल्याला नारळ खोवावा लागत नाही."

गणपतीपासून माझं उजवं मनगट ठणकतंय. विळीवर बसलं की कळ खांद्यापर्यंत जाते. मी कोणाला म्हणून सांगितलेलं नाही. सांगितलं की रुचिता खोवलेल्या नारळाची पाकिटं आणणार, आणि पाकिटातला नारळ माझ्या घरात येणार नाही. बिरडं, उसळ, फणस, सोलकढी. गेलेल्या एकेका पदार्थात नारळ होता. मी कोकण मोजत होते, हे नारळ मोजत होते.

"मग तोंडाने सांगायचं ना," मी म्हटलं. आवाज जरा खालीच आला माझा.

"विळीवर मनगट चोळतेस ते दिसतं मला. सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं.

रुचिताने लॅपटॉप पुढे ओढला. "आता हक्क कोणाला ते नावानिशी घालायचंय. तुम्ही आणि मी. बाबांना देऊ?"

"नको. यांना काय म्हणायचं असेल ते मला म्हणतील."

"आणि तुमचं मनगट दुखलं तर तुम्ही आम्हाला म्हणायचं," ती म्हणाली. सून आहे की सासू, काय कळेना.

बॅग पुन्हा माळ्यावर गेली. नारळ आता हे खोवतात. करवंटीचं काळंसुद्धा त्यात येतं, बिरड्यात ठिपके दिसतात, मी कटकट करते. गिऱ्हाइकं मुकाट खातात. काल सकाळी विळीवर बसल्या बसल्या, कोणी काही विचारलेलं नसताना हे म्हणाले, "मालन, मला पिठलं आवडत नाही."

मला ते केव्हाचं माहीत होतं. यांच्या तोंडून मात्र पहिल्यांदाच ऐकलं. मी गॅस बारीक केला, यांच्याजवळ पाटावर बसले आणि म्हटलं, "बरं. अजून काय काय आवडत नाही, सांगा."