गुणाबाईंचे त्रेचाळीस निरोप

नाकारलेल्या निरोपांच्या यादीत गुणाबाईंचं नाव दिसलं तसा भीमरत्नचा हात माउसवरून निघाला. त्याने बोट लावून मोजले. त्रेचाळीस.

टिळकवाडीतल्या लॅबच्या ऑफिसात सकाळीच त्याने मेसेज ब्रोकरची नवी आवृत्ती बसवली होती. निपाणीच्या रक्तनमुने घेणाऱ्या केंद्रातून आलेला निरोप रांगेत ठेवायचा आणि पुढे डॉक्टरांना पोचवायचा, एवढंच त्या सॉफ्टवेअरचं काम. जुनी आवृत्ती नाकारलेले निरोप मुकाट्याने अडगळीत टाकी. नव्या आवृत्तीने ते कारणासकट समोर मांडले. कारण एकच, मजकूर मर्यादेबाहेर. मर्यादा त्यानेच घातली होती, इंग्रजीत दोन ओळी टाइप करून पाहून. मराठी अक्षराला तिप्पट जागा लागते हे ठाऊक असून. त्या केंद्रात मराठीत लिहिणाऱ्या एकट्या गुणाबाई.

सहा महिन्यांपूर्वी मीटिंगमध्ये तो सर्वांसमोर म्हणाला होता, "बाई पाठवायचं विसरतात." आठवड्याभरात त्यांचं काम गेलं.

मालक मारुतीरावांना त्याने नुसतं "अपग्रेड झालं" एवढंच सांगितलं आणि निपाणीची बस धरली. वाटभर त्याला स्वतःची शरम वाटत होती.

"आक्का, तुमचे निरोप आलते. सगळे. चूक माझी हुती," गुणाबाईंच्या घरी पोचताच तो म्हणाला.

"न्हाय रं, मीच इसरत हुते," गुणाबाई समजावल्यासारखं म्हणाल्या. "गोळ्या चालू हाईत की. सौरवनं तर नातीला शाळंतनं आणायचंबी बंद केलंय माझं. वाटंत हरवशील म्हणतोय."

सौरव त्यांचा मुलगा. भीमरत्नला मान वर करवेना. त्याने मोबाइल काढून वाचायला सुरुवात केली.

"बाळाबाई यांचा नमुना पुन्हा घ्यावा लागेल..."

"उद्या उपाशीपोटी यावं," गुणाबाई हळूच म्हणाल्या. "पायरीवर बसलत्या त्या. मीच लिवलं हुतं हे."

पुढचे दोन त्याने अर्धेच वाचले. उरलेला मजकूर त्यांनीच पुरा केला.

"म्हंजे मला काय झालेलं न्हाय?"

"न्हाय, आक्का."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. शाळा सुटायला वेळ होता. तरी त्या उठल्या, पदर खोचला, चपला घातल्या.

"मी येऊ बरोबर?"

"कशाला? वाट ठाऊक हाय मला." दारात त्या थांबल्या. "तू हितंच बस. सौरव येईल, त्याला सांग. मग तुझ्या हापिसातबी सांग. समद्यांसमोर म्हणलातास न्हवं, तसंच समद्यांसमोर."

तो बसून राहिला. बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला, तेव्हा उठून उभा राहिला.