हळदीचं पाणी आणि तानाची हाडं

फौजदारसाहेब, ‘पटकीने मृत्यू’ असं तुम्ही लिहून मोकळे झालात. प्रेत पाहिलंत? नाही. वाडीत पाऊल तरी टाकलंत? तेही नाही. मग ऐका.

चौऱ्याहत्तर साल. माळशिरसकडची धनगरवाडी. कस्तुराबाईची लेक ताना सासरी ओकून ओकून मेली. तिसऱ्या दिवशी राख सावडायला सगळी वाडी ओढ्याकाठी लोटली. तानाचा नवरा सिद्धनाथ यानं देवऋषी आणला होता, धुळाप्पा. अंगात यायच्या आधी त्यानं विडी विझवून कानावर ठेवली.

“बजीनं खाल्ली आसंल तर राख रगत वकंल!” तो घुमला आणि लोट्यातलं पिवळं पाणी राखेवर ओतलं.

राख लालभडक झाली.

“चेटकीन! हाना!”

शेजारीण बजाबाई जमिनीवर कोसळली. “कस्तुरे, म्या निस्तं ताक पाजलं गं! दूद तिच्या नवऱ्यानं दिल्तं!”

कस्तुराबाईच्या हातात धोंडा होता. तो उगारताना तिची नजर पुन्हा राखेवर गेली. हा रंग तिच्या रोजच्या बघण्यातला. कालवणाचं पातेलं राखेनं घासताना हात असेच तर लाल होतात!

धोंडा टाकून तिनं लोटा हिसकावला. बाजूला मेंढक्यांची विझलेली चूल होती. उरलेलं पाणी तिच्यात ओतलं. तिची राखही लाल झाली.

“आरं धुळाप्पा, ह्या चुलीला कुनी खाल्लं रं?”

हळदीला राखेचा क्षार लागला की ती लाल होते. एवढंच ते रगत!

“चला, हाडं सोडा पान्यात,” सिद्धनाथ घाईनं म्हणाला.

“एवडी गडबड का, जावयबापू?” हाडं पदरात बांधून तिनं सोलापूरची यष्टी धरली.

सरकारी डॉक्टर म्हणाले, “बाई, अशा ओकाऱ्या सोमलाच्या विषानंही होतात. सोमल सगळा जळत नाही, हाडांत थोडा राहू शकतो. पण तो मातीतलाच नाही कशावरून? चितेजवळची माती पण लागेल.” माती आली. मामलेदारासमोर हाडांच्या आणि मातीच्या पुड्यांना लाखेची मोहोर लागली, त्या प्रयोगशाळेत गेल्या. हाडांत सोमल निघाला. मातीत नाही.

लोकहो, धोंडा उचलण्याआधी आपल्या घरच्या चुलीतली राख एकदा तपासा.

आणि साहेब, तो अहवाल तुमच्या टेबलावर येऊन चार महिने झाले. दूध कुणी पाजलं हे बजाबाई सांगायला तयार आहे. तिचा जबाब तुम्ही अजून का घेतला नाही? उत्तर द्या!