फाटले मी, अडकलेही मीच

मित्रांनो, मी दाढी-कटिंगच्या दुकानातली एक जुनी खुर्ची आहे आणि सध्या पोलीस चौकीत अटकेत आहे. गैरसमज नको. गुन्हा मी केलेला नाही. गुन्हा माझ्यावर झाला आहे.

माझा जन्म लोखंडी सामानाच्या एका कारखान्यात झाला. मला पाय एकच, पण बिडाचा. बाजूची दांडी दाबली की मी वर जाते, सोडली की हळूच खाली येते. मालकांनी मला दुकानात आणलं तेव्हा त्यांचे स्वतःचे केस काळे होते. माझ्यावर बसून जी मुलं रडली, तीच पुढे मिशीला आकार द्यायला आली, आणि त्यानंतर टक्कल लपवायची युक्ती विचारायला. उठताना माझ्या हातावर थाप मारून गिऱ्हाईक म्हणायचं, "खुर्ची आहे की पाळणा." त्या कौतुकावर मी वर्षं काढली.

सीट झिजली तेव्हा मालकांनी मेहुण्याला बोलावलं. मेहुणा म्हणजे मालकिणीचा धाकटा भाऊ. गाद्या आणि खुर्च्यांची कव्हरं शिवतो. हात चांगला, डोकं गरम. रागाच्या भरात त्याने आजवर शेजाऱ्याची खिडकी, मामाची सायकल आणि स्वतःचं लग्न मोडलं होतं. दर वेळी मालकीण म्हणायची, "जाऊ द्या हो, लहान आहे तो." लहान म्हणजे इतका, की त्याच्या डोक्यावर मालकांना करण्यासारखं कामच उरलं नव्हतं.

त्याने मला गडद लाल कव्हर चढवलं. भरल्या दुकानात मालकांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं आणि म्हणाले, "शिवण जरा वाकडी गेलीय."

"वाकडी?" मेहुणा म्हणाला. "दाजी, तुम्ही आधी लोकांचे कल्ले एका रेषेत कापायला शिका."

गिऱ्हाइकं हसली. मग त्यातल्या काहींनी हळूच आरशात कल्ले तपासले. मेहुण्याला मात्र हसू आलं नाही. "मी शिवलीय ना? मीच फाडून टाकतो," म्हणत तो पायऱ्या उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलेली, पोटातला काथ्या बाहेर. कुलूप शाबूत होतं, आणि त्याची दुसरी किल्ली असायची मेहुण्याकडे. मी त्याला पाहिलं का? नाही. दुकान बंद करताना मालक माझ्यावर चादर टाकतात, त्यामुळे चेहरा दिसला नाही. पण चादरीखाली शिरलेला हात ओळखला. ज्या हाताने एकेक टाका घातला, तो हात चुकत नाही. मात्र खुर्चीचा जबाब कोण घेतो?

बातमी ऐकून हवालदार आले. वाकून बघितलं. "संशय कोणावर?"

"मेहुण्यावर," मालक म्हणाले.

"मग तक्रार देताय?"

मालकांनी मालकिणीकडे पाहिलं. मालकिणीने फरशीकडे पाहिलं. "विचार करून सांगतो," मालक म्हणाले.

"करा. तोवर हिला शिवायचं नाही. पुरावा आहे," असं बजावून हवालदार पुराव्यावर बसले आणि त्यांनी दाढी करून घेतली.

तिथून माझे हाल सुरू झाले. दुकानात खुर्ची एकच, त्यामुळे जो तो माझ्या जखमेवर बसून सल्ला देई. पोस्टमन म्हणाला, "घरातली गोष्ट चौकीत नेऊ नये," आणि ऐसपैस बसला. निवृत्त मास्तर म्हणाले, "असल्यांना धडा शिकवायलाच हवा," आणि त्याहून ऐसपैस बसले. मालक तापले की मालकीण नको म्हणायची. ती हो म्हणायच्या बेतात आली की मालकांना नात्यातली ठरायची लग्नं आठवायची. हवालदार मधून मधून येऊन विचारत, "ठरलं का?" न ठरल्याचं ऐकून दाढी फुकट करून घेत. त्यांना मुळीच घाई नव्हती. मी मात्र रोज थोडी थोडी फाटत होते.

मग एक दिवस मेहुणा स्वतःच आला. मालकीण धुतलेले टॉवेल घेऊन तिथेच उभी होती. तो पायावर पाय टाकून माझ्यावर बसला.

"ऐकलं, माझ्यावर आळ घेताय. पुरावा आहे का काही?" त्याने फटीत बोट घातलं. "फाडलीय मात्र झकास, ज्याने कोणी फाडली असेल. शिवून देऊ? घरचं गिऱ्हाईक, सवलत देतो."

मालकांचा वस्तरा पट्ट्यावरच थांबला.

"ताई, दाजींना समजाव गं," तो हसत म्हणाला. "तूच म्हणतेस ना, मी लहान आहे."

मालकिणीने हातातला टॉवेल घडी करून ठेवला. "दुकानाची किल्ली दे."

त्याने हसतच दिली.

"अहो, मी चौकीवर जाऊन येते."

"अगं थांब," मालक गडबडले. "भाऊ आहे तुझा. एवढ्याशा खुर्चीसाठी..."

एवढ्याशा! ते ऐकून मला पुन्हा फाटल्यासारखं झालं.

"खुर्चीसाठी नाही," मालकीण म्हणाली. "खिडकी झाली, सायकल झाली, ती बिचारी बायको झाली. दर वेळी मीच रफू करत आले. आता माझ्याच्याने सुई ओववत नाही." ती गेली, आणि रडत रडत सही करून आली.

मला वाटलं, सुटले, आता मला शिवतील. पण हवालदार हातगाडी घेऊन आले. मी मुद्देमाल ठरले. माझ्या हाताला चिठ्ठी बांधली. मेहुण्याला पकडलं, पण त्याच संध्याकाळी जामीन मिळाला. मला जामीन नाही. इथे माझ्या शेजारी एक भोंगा आहे, शांततेचा भंग केल्याच्या प्रकरणातला. तो आल्यापासून एक शब्द बोललेला नाही.

सुनावणी पुढे पुढे ढकलली जाते. तारखेला मालकीण कोर्टात जाता-जाता इथे येते, माझ्यावरची धूळ पुसते आणि दाराबाहेर भाऊ दिसतो का ते बघते. तो दिसला तरी तिच्याशी बोलत नाही.

परवा हवालदारांच्या खुर्चीची सीट उसवली. त्यांनी कोणाला बोलावलं असेल? काम आटोपून जाताना मेहुण्याला उघड्या दारातून मी दिसले. तो आत येऊन माझ्यापुढे उकिडवा बसला. मग त्याने सुईत दोरा ओवला.

"ए, हात लावू नकोस," बाहेरून हवालदार ओरडले. "पुरावा आहे तो."

ओवलेली सुई तशीच हातात राहिली. त्याने फटीवरून नाही, कडेच्या जुन्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि अगदी हळू म्हणाला, "वाकडीच होती."

हे ऐकणारे आम्ही दोघंच. मला बोलता येत नाही आणि भोंगा बोलत नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू फाटली तर तिच्यावर बसून चर्चा करू नका, आधी उठा. आणि तुमच्यापैकी कोणी त्या दुकानात दाढीला गेलं, तर मालकिणीला माझा एवढा निरोप द्या: तो आला होता, आणि त्याने सुई ओवली होती.