शेख सनूसीची जीभ

या, असे जवळ सरून बसा. ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही. पण ऐकाल तर अगदी मनापासून सांगतो.

हम्मामनं धाकट्या भावाला, सनूसीला, पायांकडून धरून इस्पितळाच्या खाटेवर सरकवलं, तेव्हा त्याचा उजवा पाय हातातून पोत्यासारखा निसटला. डॉक्टर इरीनी सनूसीच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं,

"हे सुरू कधी झालं?"

"आत्ताच," हम्माम म्हणाला. "सूर्य मावळता मावळता."

दारात गावातली माणसं उभी होती. सनूसीची बायको रतीबा भिंतीला टेकली होती. तिनं थोरल्या दिराकडे एकदा पाहिलं आणि काळ्या शालीचा काठ दातांत धरला.

खरं तर हे सुरू झालं तेव्हा सूर्य डोक्यावर होता. गावचा उरूस, भरलेला मांडव, आणि सनूसी स्तुती गात होता. प्रेषितांचं नाव तो असं आळवायचा की ऐकणाऱ्याला आपल्या खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटे. नाईलकाठच्या कितीतरी गावांतून लोक फक्त त्याच्यासाठी येत. त्या दुपारी मात्र शब्द त्याच्या तोंडात चिखलासारखे कालवले गेले. हातातला डफ खाली पडला, तो त्याला उचलता येईना.

"शेखसाहेब, आज स्तुती कुणाची? बाटलीची?" मागून नसर न्हावी ओरडला, आणि मांडव हसला.

तरुणपणी सनूसी प्यायचा. मग तोबा केली, ती पाळली. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरीही हम्मामला आठवली ती बाटलीच. तो मंचावर चढला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "मंडळी, माफ करा. पुन्हा घेतलीय वाटतं यानं." भावाला काखेत धरून त्यानं घरी नेलं, आतल्या खोलीत टाकलं आणि बाहेरून कडी घातली.

"दादा, तोंडाला वास नाही हो त्यांच्या!" रतीबा दारावर थापा मारत होती. "हात उचलत नाहीये! डॉक्टरकडे नेऊया!"

"बिनवासाचीही मिळते हल्ली. झोपेल, उतरेल. गावभर आणखी शोभा करू नकोस."

आणि कुणी बघायला येऊ नये म्हणून तो स्वतःच उंबऱ्यावर बसून राहिला, ऊन कलेपर्यंत. सूर्य मावळायला आला तेव्हा त्यानं कडी काढली, तर सनूसीची उजवी बाजू लुळी पडली होती; मग कुठे इस्पितळाकडे धाव घेतली.

"नक्की आत्ताच ना?" डॉक्टर इरीनींनी पुन्हा विचारलं. "मेंदूच्या शिरेत गुठळी अडकलीय. नुकतीच असेल तर विरघळवणारं औषध देता येतं. पण फार वेळ होऊन गेला असेल, तर तेच औषध मेंदूत रक्त सांडून जीव घेऊ शकतं. माझं सगळं तुमच्या शब्दावर आहे."

नर्सनं औषधाची कुपी उचलली. रतीबाचे डोळे जमिनीवर होते. नसर न्हावी दारातून मान लांब करून बघत होता.

"थांबा," हम्माम म्हणाला. डोक्याचं फडकं त्यानं काढलं, पुन्हा बांधलं. "दुपारपासून आहे. मीच कोंडून ठेवला त्याला. मला वाटलं, प्यालाय."

"मग प्याला नव्हता?" दारातून नसर म्हणाला. "अरे, तू तर सगळ्यांसमोर..."

"नव्हता. मी सगळ्यांसमोर खोटं बोललो."

कुणी हसलं नाही. नर्सनं कुपी खाली ठेवली.

डॉक्टर रतीबाकडे वळल्या. मग म्हणाल्या, "रक्त न मिळालेला मेंदू भुकेनं मरत जातो. अंग थंड केलं, तर त्याची भूक मंदावते, जरा जास्त तग धरतो. आमच्याकडे हा अजून प्रयोगच आहे. वचन देत नाही."

"करा," रतीबा म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं दिराला न विचारता उत्तर दिलं.

सनूसीला गुंगीचं औषध दिलं, कुडकुडू नये म्हणूनही दिलं. अंगाभोवती गार पाण्याच्या गाद्या गुंडाळल्या. हम्माम उशाशी बसला. एकदा त्यानं भावाचा हात धरला आणि दचकून सोडला. वडिलांना शेवटची आंघोळ घालताना त्यांचा हात असाच गार लागला होता. घोंगडी पांघरावीशी वाटली. पण पुन्हा आपल्याच मनानं काही करायची त्याची छाती झाली नाही. तो ओठांतल्या ओठांत कुराणातल्या आयती म्हणत राहिला, आणि मधेच म्हणाला, "माझ्या तोंडून कसल्या ऐकतोस, देवा."

पुढे त्यांनी सनूसीला हळूहळू पुन्हा उबेला आणलं. गुंगी उतरली. हम्मामनं काय बोलायचं ते मनात घोळवून ठेवलं होतं: माफ कर, तुझी अब्रू मी मांडवात धुळीला मिळवली, त्याच मांडवात उभा राहून सांगीन. तो खाली वाकला. पण सनूसीचे ओठ आधी हलले. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. एकेक शब्द जणू विहिरीतून ओढून काढत तो म्हणाला,

"दादा... अल्लाची शपथ... घेतली... नव्हती."

"बोलला!" डॉक्टर इरीनी आनंदानं उद्गारल्या. "शब्द जुळतायत! ऐकलंत ना, काका?"

"ऐकलं," हम्माम म्हणाला, आणि डोक्याचं फडकं तोंडावर ओढून घेतलं.

सनूसीसाठी दुआ मागणारे आजही पुष्कळ आहेत. तुम्ही उठाल तेव्हा हात पसरून एकदा हम्मामची आठवण काढा.