अर्धा क्लच

आधीच सांगून टाकतो, नंतर कोणी हसायला नको. चाळीस वर्षं मी लेथवर काढली, इंजिन खोलून डोळे मिटून परत बसवीन, पण मला गाडी चालवता येत नाही.

लग्नानंतर वर्षाच्या आत मेव्हण्याने मला शिकवायचा घाट घातला होता. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. तिसऱ्या दिवशी मी त्याची नवीकोरी गाडी त्याच्याच फाटकातून आरपार नेली. फाटक बंद होतं. तेव्हापासून नातेवाइकांचा घोळका जमला की तो हा किस्सा सांगतो, आणि दर वेळी फाटक थोडं मोठं करतो. मी तेव्हाच ठरवलं, स्टिअरिंगला पुन्हा हात लावायचा नाही आणि या माणसापुढे गाडीचा विषय काढायचा नाही. मी हट्टी आहे, मान्य आहे.

आमच्या घरात गाडी चालवायची ती बायकोने. ती गुरांची डॉक्टर. डोंगरावरच्या वस्त्यांना जायचा रस्ता म्हणजे निम्मा दगड, निम्मा ओढा, आणि तिथे तीस वर्षं ती आमची जुनी जीप नेत आली. तिने चालवायची आणि मी जिवंत ठेवायची, अशी आमची वाटणी होती.

दोन वर्षांपूर्वी एका वळूने तिला गोठ्याच्या भिंतीवर दाबलं. कंबरेचं हाड जुळलं, पण डाव्या पायाची नस गेली ती गेलीच. काठी घेऊन ती घरभर फिरते, जिने चढते, पण त्या पायाने काही दाबायचं म्हटलं की पाय ऐकत नाही. क्लच डाव्या पायाचा. त्यामुळे जीप शेडमध्ये गेली आणि डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या टेबलावर लसीकरणाच्या दाखल्यांना शिक्के मारायला बसल्या. लोक शहाणपणा शिकवायचे, ऑटोमॅटिक गाडी घ्या म्हणून. त्या गाड्यांचं पोट पहिल्याच ओढ्यात फुटलं असतं.

मग एके दिवशी जेवताना तिने मान वर न करता सांगितलं की दवाखान्यात एक नवा डॉक्टर आलाय. येती सोडून पुढच्या एक तारखेला वरच्या वस्त्यांची फेरी साहेब त्याला कायमची देणार आहेत. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी तिला विचारलं होतं, एकट्या जाऊ शकाल का? द्यायला ड्रायव्हर त्यांच्याकडे नव्हता. ती म्हणाली होती, बघते.

"शिक्के मारण्यासाठी नव्हते शिकले मी," एवढं बोलून ती हात धुवायला उठली.

सहा आठवडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडचं दार उघडलं.

जीपची दशा काय सांगू. पायाखालचा पत्रा गंजून जाळी झालेला, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, टाकीच्या तळाशी चार बोटं गाळ. पण चॅसिस ठणठणीत होती आणि इंजिन दुसऱ्या दिवशी खोकत खोकत का होईना, बोललं. मी कामाला लागलो. माझी एक पद्धत आहे. काढलेला प्रत्येक नट अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवायचा, खाली चिठ्ठी, कुठला ते लिहून. दोन आठवड्यांत शेडमध्ये अंड्यांचे अकरा ट्रे झाले आणि बायको म्हणाली की शेजाऱ्यांना वाटतंय आपण कोंबड्या पाळल्यात.

पत्रा नवा बसवला. ब्रेक नवे, वायरी नव्या. भंगारातल्या एका व्हॅनची बाहेर वळणारी सीट आणली, म्हणजे तिला आधी बसून मग पाय आत घेता येतील. दाराच्या खांबाला धरायला दांडा वेल्ड केला. स्टिअरिंगला पॉवर दिली. हँडब्रेक दाराच्या बाजूला नेला, कारण डावा हात आता गिअरवरच राहणार होता. खरं काम तिथेच होतं. गिअरच्या दांडीला मी सायकलच्या ब्रेकसारखी एक मूठ लावली. ती बोटांनी दाबली की इंजिन आत हवा ओढतं त्या ओढीवर चालणारा एक बूस्टर क्लच खेचायचा. दोन बोटांचा जोर पुरे.

जीप स्टँडवर उचलून, चाकं हवेत ठेवून मी ते तपासलं. मूठ दाबली, चाकं थांबली. सोडली, चाकं टक्कन फिरायला लागली. शंभर वेळा केलं, शंभर वेळा टक्कन. स्वतःवर इतका खूश मी बऱ्याच वर्षांत झालो नव्हतो.

मेव्हण्याला बोलावून एक चक्कर मारायला लावली असती तर पाच मिनिटांत सगळं कळलं असतं. पण त्याला कोण बोलावणार?

रविवारी सकाळी ती जीपमध्ये बसली. दोन वर्षांनी. आरसा थोडा हलवला, स्टिअरिंगवर तळवा फिरवला आणि नुसती बसून राहिली. मी शेजारी बसून बाहेर बघत होतो. मग तिने इंजिन सुरू केलं, गिअर टाकला, हलक्या बोटांनी मूठ सोडली, आणि जीप बेडकासारखी उडी मारून बंद पडली.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा माझं डोकं काचेवर आपटलं. चौथ्यांदा जीप कामाच्या टेबलावर धडकली. अंड्यांचे उरलेले तीन ट्रे खाली आले आणि नट शेडभर गडगडत गेले.

आणि मी काय बोललो, ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो.

"बोटं एकदम सोडतेस तू. हात गेलाय तुझा."

तिने सीट वळवली, काठी घेतली, आत गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून शांत आवाजात म्हणाली की उद्या साहेबांना फोन करते, फेरी त्या मुलाला देऊन टाका म्हणून. ती भांडली असती तर मला झेपलं असतं. भांडणात मी पटाईत आहे.

मी जमिनीवर बसून नट वेचले. मग बूस्टर खोलला. त्यात काडीचा दोष नव्हता. परत बसवला, परत चाकं उचलून तपासलं, टक्कन. म्हणजे दोष तिच्यात, असंच निघत होतं. पण मनाला पटेना. ही बाई गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून, डोळ्यांनी काही न दिसता, आडवं वासरू सरळ करते. तिचा हात असा कसा जाईल? तासभर मी स्वतःशी वाद घातला, हरलो, आणि मेव्हण्याला फोन लावला.

तो दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. किल्ली घेतली, मुठीचा क्लच वापरून शेडपासून फाटकापर्यंत एकदाच गाडी नेली, म्हणजे नेली कसली, उड्या मारत घालवली. मग इंजिन बंद केलं आणि डोकं बाहेर काढलं.

"भावोजी," तो म्हणाला, "यात अर्धा क्लच कुठाय?"

मी म्हटलं, अर्धा कसला? क्लच एकतर लागलेला असतो नाहीतर सुटलेला असतो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता निघालं फाटक. पण त्याने फाटक काढलं नाही. नीट विचारलं, तपासलंत कसं? मी सांगितलं, चाकं हवेत ठेवून. त्यावर तो म्हणाला की हवेतल्या चाकांवर वजन नसतं, तिथे काहीही चालतं. जमिनीवर गाडी हलवायची तर क्लच सोडताना मधे कुठेतरी धरून ठेवावा लागतो, थोडा लागलेला, थोडा सुटलेला. चालवणाऱ्याला ते सांगावंसुद्धा लागत नाही.

चाळीस वर्षं मी लेथचा दांडा ओढला. दांडा ओढला की लावलेलं लोखंड फिरतं, सोडला की थांबतं, मधलं काही नसतं. मी बायकोच्या हातात लेथचा दांडा दिला होता आणि वर तिलाच हात गेला म्हणून सुनावलं होतं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

आत गेलो. ती टेबलाशी बसली होती, पुढ्यात फोन.

"हात तुझा गेला नाही," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

तिने चष्मा काढला. "परत म्हणा."

"काय?"

"शेवटचं वाक्य. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं, नीट ऐकू द्या."

मी परत म्हटलं. मग सगळं सांगितलं, हवेतली चाकं, टक्कन, मधलं काही नसणं. ऐकता ऐकता तिचे खांदे हलायला लागले आणि ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग काठी शोधली.

"चला, बसा."

"कुठे?"

"माझ्या जागी. तुम्हाला कळल्याशिवाय तुमच्या हातून ते व्हायचं नाही."

क्लचचं मूळ पेडल मी काढलं नव्हतं. घरामागच्या मोकळ्या रस्त्यावर, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मी स्टिअरिंगमागे बसलो. मेव्हण्याला म्हटलं, बघायचं नाही. तो बिचारा पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसला, पण त्याचे कान आमच्याकडेच होते. माझ्या जागेवर बायको बसली आणि तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय हळूहळू वर घ्या म्हणाली. बंद पडली. परत. परत बंद. अकरा वेळा बंद पडली, आणि मी घामाने निथळलो.

बाराव्यांदा तिने गुडघा दाबला. "इथे थांबा. ऐका."

इंजिनाचा आवाज जरासा जड झाला होता. बॉनेट बोटभर वर आलं होतं. गाडी जागची हलली नव्हती, पण निघायच्या बेतात होती, दारात चपला घालून उभ्या राहिलेल्या माणसासारखी. मी आणखी केसभर पाय उचलला आणि आम्ही अलगद पुढे गेलो. पायरीवरून टाळी ऐकू आली.

त्या दिवशी तिने साहेबांना फोन केला नाही.

आता काय करायचं ते मला माहीत होतं. मूठ सोडली की बूस्टरमध्ये हवा एकदम घुसत होती. ती बोटांच्या हिशेबाने आत यायला हवी होती. त्यासाठी निमुळत्या सुईची एक छोटी झडप लागणार होती. घरच्या लहान लेथवर मी पहिली सुई केली ती जाड झाली. दुसरीने क्लच इतका आळसावला की गाडी निघता निघेना. दर वेळी बायको जीपमध्ये बसून रस्त्याला एक फेरी मारायची आणि मला फक्त एवढंच सांगायची, अजून थोडं, किंवा फार झालं. तिसऱ्या सुईला तिने काहीच सांगितलं नाही. वळणापर्यंत गेली, वळवून आणली, माझ्यासमोर थांबवली, परत नेली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही डोंगराच्या रस्त्याला गेलो. पहिला ओढा तिने असा पार केला की जणू कालच इथून गेली होती. मी खुशीत होतो. मागे माझी हत्यारांची पेटी होती, डोक्यावर टोपी, आणि मनात मी पुढचं सगळं ठरवून टाकलं होतं. रोज बरोबर जायचं, निदान पहिले काही महिने तरी. तिला सांगितलं नव्हतं, पण त्यात सांगायचं काय?

सगळ्यात उभ्या चढणीवर, बरोबर मध्यावर, तिने गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला.

"उतरा."

मला वाटलं, काहीतरी बिघडलं. मी विचारलं, आवाज येतोय का कुठून? नाही म्हणाली. मग मी माझा बेत सांगितला. रोज येईन, आडवाटेला गाडी अडली तर मी असावा जवळ.

"तुम्ही शेजारी असलात की गाडी नुसती खाकरली तरी मी तुमच्याकडे बघते," ती म्हणाली. "उद्या इथे कोणाकडे बघू?"

मी उतरलो. राग आला होता, खोटं कशाला बोलू. तरीही जाता जाता एक मोठा दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली सरकवला. चढ तसाच होता. गाडी मागे आली तर खाली तीस हात दरी.

आरशात तिने बघितलं.

"दगड काढा."

"अगं, एकदाच..."

"अहो, काढा तो."

मी दगड काढला. इतका जड दगड मी आयुष्यात उचललेला नाही. तो छातीशी धरून बाजूला उभा राहिलो आणि मागच्या चाकावर नजर लावली. आवाज जड झाला. हँडब्रेक सुटल्याचा खटका ऐकू आला. चाक तसूभरही मागे आलं नाही. ते क्षणभर तिथेच राहिलं, आणि मग पुढे सरकलं.

ती चढली. वर पोचली की वळून मला घ्यायला येईल, म्हणून मी तिथेच थांबलो. आवाज वळणाआड गेला, मग दुसऱ्या वळणाआड, मग ऐकू येईनासा झाला. बाई थेट वरच्या वस्तीवर गेली होती.

दहा मिनिटं मी रस्त्याच्या कडेला उभा राहून तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग लक्षात आलं की दगड अजून माझ्या हातात आहे, आणि मला एकट्यालाच हसू फुटलं. दगड खाली ठेवला आणि घरचा रस्ता धरला. पायी दीड तास लागला. इतका आनंदात मी कधी चाललो नसेन.